अर्धविरामाने संपणारी वाक्ये : नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील प्रोग्रामिंगच्या तासाविषयी

अकरावी विज्ञानाच्या प्रवेशाच्या दिवसांत आम्हां मराठीच्या अध्यापकांना एक प्रश्न दरवर्षी ऐकावा लागतो. "सर, मराठी सोडून कम्प्युटर घेता येतं ना?" विचारणारा पालक उदगीरकडचा असो की किनवटकडचा, समोरचा माणूस मराठी शिकवतो हे त्याच्या गावीही नसते. त्याचा प्रश्न रास्त असतो आणि आम्ही त्याचे खरे उत्तर देतो : हो, घेता येतं. उच्च माध्यमिक स्तरावरील द्विलक्षी अभ्यासक्रमात संगणकशास्त्र हा दोनशे गुणांचा विषय आहे; तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि विज्ञानाचा एक विषयही सुटतो. पुढे माहिती तंत्रज्ञान नावाचा शंभर गुणांचा विषय आला. तोही दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो. म्हणजे आमच्या महाविद्यालयांत मराठी आणि संगणक यांची पहिली ओळख झाली ती एकाच रकान्यातील दोन पर्याय म्हणून. विद्यार्थ्याने एकावर खूण केली की दुसरा खोडला जातो.

हा लेख त्या खोडलेल्या बाजूने लिहिला आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आम्ही दोघे; एक नांदेडला शिकवतो, एक लातूरला. दोघेही चाळिशीत, दोघेही मराठीचे एम.ए. संगणकशास्त्र आमचा विषय नव्हे. परंतु गेली वीसेक वर्षे आमच्या वर्गाशेजारच्या खोलीत प्रोग्रामिंगचा तास चालू आहे आणि भिंती काही फार जाड नाहीत. त्या तासाचा इतिहास कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. जे शिकवत होते ते फार काळ टिकले नाहीत (का, ते पुढे येईल) आणि जे टिकले ते आमच्यासारखे, पलीकडच्या खोलीतले.

प्रारंभ थोडा मागून करावा लागतो. मराठवाड्यात ज्ञानाची भाषा आणि घरची भाषा यांची ताटातूट संगणकाने केली असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९१८ मध्ये एक धाडस केले होते : इंग्रजी बाजूला ठेवून उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून द्यायचे. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक अशा शास्त्रांचे शेकडो पारिभाषिक शब्द घडवले गेले. केवळ ती भाषा उर्दू होती. नांदेड-लातूरकडील बहुसंख्य मुलांच्या घरात ती बोलली जात नव्हती. आमच्यापैकी एकाचे आजोबा त्या काळच्या शाळेत शिकलेले. बीजगणिताला ते म्हातारपणीही 'जब्रोमुकाबला' म्हणत. आम्ही हसत असू. पुष्कळ वर्षांनी कळले की हे नाव नवव्या शतकातील अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या ग्रंथावरून आले आहे, आणि संगणकाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात येणारा 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच गृहस्थाच्या नावाचा अपभ्रंश आहे. आजोबांचा शब्द आणि नातवाचा शब्द एकाच घरातून निघालेले. मधल्या काळात घराची भाषा मात्र तीच, तशीच बाहेर उभी.

उर्दूच्या या सक्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय शाळांपैकी १९२१ साली सुरू झालेली हिप्परग्याची शाळा प्रसिद्ध आहे. स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक होते. मातृभाषेतून शिक्षण हा त्या चळवळीचा एक गाभा होता. मुक्तीनंतर १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले. पण विज्ञानाच्या वर्गात उर्दू गेली आणि तिच्या जागी मराठी आली नाही, इंग्रजी आली. १९९४ च्या १७ सप्टेंबरला नांदेडला नवे विद्यापीठ स्थापन झाले. त्याला नाव स्वामीजींचे आहे, आणि त्याच्या संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम पहिल्या दिवसापासून इंग्रजीत आहे. यात कोणाला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. प्रोग्रामिंगची पुस्तके मराठीत नव्हती, हे साधे वास्तव होते.

यंत्राचे आगमन त्याआधीचे. नांदेडच्या विष्णुपुरी भागात श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि त्याच साली लातूरला बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. लातूर हा जिल्हा म्हणूनच जेमतेम वर्षाचा होता. १९८२ पर्यंत तो उस्मानाबादचा एक भाग होता. १९८४-८५ च्या सुमारास केंद्र सरकारने देशातील निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीची बीबीसी मायक्रो यंत्रे देण्याची योजना आखली, तीतून 'बेसिक' ही भाषा भारतीय शाळकरी मुलांपर्यंत पोहोचू लागली.

बेसिकविषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ही भाषा १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी घडवली, तीच मुळी विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी. इतिहास, साहित्य शिकणाऱ्यांनाही यंत्राशी बोलता यावे, हा त्यांचा हेतू होता. म्हणजे प्रोग्रामिंगच्या प्राथमिक अध्यापनाच्या उगमापाशी आमच्यासारख्या लोकांना आमंत्रण होते. ते आमंत्रण विष्णुपुरीला येईपर्यंत त्याचे रूपांतर वेगळ्या रांगेत, वेगळ्या शाखेत आणि वेगळ्या शुल्कात झाले. कला शाखेच्या मुलाने प्रोग्रामिंग शिकावे, ही कल्पना आमच्याकडे कोणी मांडल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्हीही मांडली नाही.

नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे. ते इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठीला सविस्तर ओळख करून देणारे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य असताना ज्या अध्यापनपद्धतीची त्यांनी पायाभरणी केली तिला पुढे 'लातूर पॅटर्न' हे नाव पडले. दर आठवड्याला चाचणी, उत्तरपत्रिकेची बारकाईने तपासणी, प्रश्नांचा वारंवार सराव, सुट्टीतही वर्ग. ग्रामीण, मराठी माध्यमाच्या मुलांना बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नेणारी ही पद्धत होती आणि तिने हजारो घरांचे दिवस पालटले. जे लोक पुण्या-मुंबईहून तिची चेष्टा करतात त्यांना मुरुड, चाकूर, अहमदपूरची घरे ठाऊक नाहीत. परंतु आमचा प्रश्न वेगळा आहे. ही पद्धत जेव्हा प्रोग्रामिंगच्या वर्गात शिरली तेव्हा काय झाले?

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, आम्ही ती प्रयोगशाळा बाहेरून पाहिलेली आहे. पादत्राणे बाहेर काढायची. आत पडदे, गालिचा आणि अख्ख्या महाविद्यालयातले एकमेव वातानुकूलन यंत्र. देवघरासारखी शांतता. एका यंत्रापुढे तीन-तीन मुले, त्यातला एक टंकणार, दुसरा वही धरणार, तिसरा बघणार. पडद्यावर निळी खिडकी. ती बोरलँड कंपनीच्या टर्बो सी या साधनाची. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवली. टर्बो सी १९८७ मध्ये आले. जगाने ते केव्हाच मागे टाकले, पण आमच्याकडे ती निळी खिडकी अलीकडेपर्यंत टिकून होती. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ते जुने साधन चालेनासे झाले तेव्हा कोणीतरी डॉसबॉक्स नावाचे दुसरे साधन आणले, जे नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचे सोंग करते, आणि त्या सोंगात टर्बो सी पुन्हा चालू झाले. कारण प्रात्यक्षिकाच्या वह्या तशाच होत्या. परीक्षक तेच होते.

पुस्तक बहुधा एकच असे : नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी'. मराठी माणसाने लिहिलेले, भारतभर खपलेले, इंग्रजी पुस्तक. ते सोपे होते, यात शंका नाही. परंतु दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला त्यातल्या सोप्या इंग्रजीचाही अडसर होता. शेजारच्या सोलापूरचे अच्युत गोडबोले मराठी शाळेतून मुंबईच्या आयआयटीत गेल्यावर इंग्रजीने कसे हैराण झाले, हे त्यांनी 'मुसाफिर'मध्ये लिहिले आहे. त्यांना निदान संगणक भेटला तो नंतर. आमच्या मुलांना दोन्ही एकाच तासाला भेटले.

मग शिकवायचे कसे? इथे खरा इतिहास सुरू होतो, आणि तो भिंतीपलीकडून आम्ही ऐकलेला आहे. फळ्यावर इंग्रजी, तोंडात मराठी, अशी ती रीत होती. व्हेरिएबल म्हणजे काय? फडताळातला डबा. डब्यावर चिठ्ठी लावलेली, आत काय आहे ते बदलू शकते, चिठ्ठी तीच. शेंगदाण्याच्या डब्यात गूळ भरायला गेलात तर यंत्र ओरडेल. अ‍ॅरे म्हणजे एसटीच्या आसनांची रांग, फक्त पहिल्या आसनाचा क्रमांक शून्य. (या शून्यावर दरवर्षी एक तास जाई. शून्याचा शोध लावणाऱ्या देशातली मुले पहिल्याला शून्यावा म्हणायला तयार नसत.) पॉइंटर म्हणजे घर नव्हे, घराचा पत्ता. न थांबणारा लूप म्हणजे घाण्याचा बैल. यांपैकी एकही उपमा पुस्तकात नव्हती. त्या शिकवणाऱ्यांनी घरून आणल्या होत्या.

आणि मुलांचे प्रश्न! भाषाभ्यासकाने टिपून ठेवावेत असे ते होते. "मॅडम, एरर येऊलालंय." "सर, लूप थांबंनाच की." नांदेडकडचे 'येऊलालंय', 'करूलालोय' हे चालू वर्तमानकाळाचे रूप आमच्या पाठ्यपुस्तकातील व्याकरणाने कधी आपले म्हटले नाही; तेच रूप प्रोग्रामिंगच्या प्रयोगशाळेत मात्र बिनदिक्कत नांदत होते. मराठीच्या तासाला मुले प्रमाणभाषा बोलण्याच्या धाकात असत. संगणकाच्या तासाला इंग्रजीचा धाक एवढा मोठा की मराठीचे कोणतेही रूप चालून जाई. हे आमच्या लक्षात आले तेव्हा आम्हाला थोडी शरम वाटली.

एक गोष्ट तर आमच्या व्याकरणाच्या तासात आम्ही सर्रास वापरली आहे. सी भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. तो विसरणे ही नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक. यंत्र ती चूक दाखवते, पण बहुधा पुढच्या ओळीवर बोट ठेवून. वाक्य संपले नाही हे त्याला पुढचा शब्द आल्यावरच कळते. मुले गोंधळत, कारण आम्हीच त्यांना शिकवलेले असे की वाक्य पूर्णविरामाने संपते. वास्तविक विरामचिन्हे ही मराठीचीदेखील मूळ ठेव नव्हे. मोडी वा पोथीच्या लेखनात ही सारी चिन्हे कुठे होती? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडीने ती इंग्रजीतून आणून मराठीत रुजवली. आज ती इतकी आपली वाटतात की त्यांपैकी एक दुसऱ्या कामाला लागलेले पाहून पोर दचकते. तसेच 'जर-तर'चे. दामल्यांच्या व्याकरणात संकेतबोधक म्हणून येणारी ही अव्ययांची जोडी प्रोग्रामिंगचा कणा आहे. मराठीला जर-तर, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत अशा जोड्यांची उपजत सवय आहे. इंग्रजीत त्यांतले दुसरे अंग बहुधा गाळले जाते. ज्या शिक्षकाने फळ्यावर आधी संपूर्ण मराठी वाक्य लिहिले, "जर शिल्लक शून्याहून कमी असेल तर थांब, नाहीतर पुढे जा", त्याच्या वर्गाला इफ-एल्स एका दिवसात समजे. पण असे मराठी वाक्य फळ्यावर लिहिणे कमीपणाचे मानले जाई. तपासणीला कोणी आले तर ते पुसून टाकत, हे आम्ही पाहिले आहे.

शासनाने शब्द दिले नाहीत असे नाही. संगणक हा शब्द तर पूर्ण रुजला. प्रोग्रामला 'आज्ञावली' हा शब्दही वाईट नाही. त्यात आज्ञार्थ आहे आणि ओळही आहे. पण तो छापील राहिला. वर्गात प्रोग्राम 'लिहितात', 'रन करतात', व्हॅल्यू 'टाकतात', लूप 'फिरवतात'. नामे इंग्रजी, क्रियापदे मराठी. आमच्या मते परिभाषा समित्यांनी नामांवर जितका घाम गाळला तितका क्रियापदांकडे पाहिले असते तर बरे झाले असते. प्रोग्रामिंग शेवटी करण्याची गोष्ट आहे.

आता लातूर पॅटर्नकडे परत येऊ. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेसाठी प्रोग्रामची एक यादी ठरलेली असे. मूळ संख्या ओळखणे, क्रमगुणित, उलटसुलट सारखी संख्या, फिबोनाची श्रेणी, बबल सॉर्ट. यादी ठरलेली, चिठ्ठ्या ठरलेल्या, तेव्हा सरावाची गाडी रुळावरच होती. मुले प्रोग्राम पाठ करत. कंस, अर्धविराम, रिकाम्या जागांसकट पाठ. वसतिगृहाच्या गच्चीवर पहाटे एक मुलगा फेऱ्या घालत "फॉर आय इक्वल टू झिरो..." असे म्हणत होता, ते आमच्यापैकी एकाने कानांनी ऐकले आहे; क्षणभर वेदपाठशाळेतच आल्यासारखे वाटले. परीक्षेत तो अचूक लिहून येई. परीक्षकाने दहाच्या जागी वीस संख्या घ्या म्हटले की हात थांबे.

यावर संगणकाच्या अध्यापकांचे आणि आमचे शिक्षकखोलीत अनेकदा भांडण झाले. त्यांचे म्हणणे, पाठांतराने विषयाचा गळा घोटला. आमचे म्हणणे थोडे निराळे होते आणि अजून आहे. पाठांतर ही आमच्या मुलांची एकमेव भांडवली ठेव होती. ज्या घरात पुस्तक नाही तिथे हरिपाठ तोंडपाठ असतो. प्रश्न असा की पाठ केलेल्यावर पुढे काही बांधले का? कीर्तनकार अभंग पाठ करतो, पण मग त्याचे निरूपण करतो. निरूपण दर गावात वेगळे असते. प्रोग्रामिंगच्या वर्गात निरूपण व्हायला वेळच नव्हता, कारण यादी संपवायची होती. आणि निरूपण करणारा माणूस पुढच्या जूनमध्ये असेल की नाही, याची त्यालाच खात्री नव्हती.

हा त्या इतिहासातला सर्वांत अप्रिय भाग. बी.सी.एस., बी.सी.ए. हे वर्ग बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालले. शुल्क विद्यार्थ्यांचे, नेमणुका तासिका तत्त्वावर. आम्ही, ज्यांचे विद्यार्थी दरवर्षी घटत होते, कायम नोकरीत होतो. आणि ज्यांच्या दारात रांग होती ते वर्षाला नव्याने मुलाखत देत होते. ज्या महाविद्यालयाचे नाव आम्ही घेणार नाही तिथे एका अध्यापिकेने नऊ वर्षे सी शिकवले आणि दर एप्रिलमध्ये त्यांची नेमणूक संपली. डब्याची ती उपमा त्यांचीच. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. तेव्हा त्या मुलांना व्हरांड्यात बसवून कागदावर प्रोग्राम चालवायला लावत. एक मुलगा 'आय' व्हायचा, एक मुलगी 'बेरीज' व्हायची, तिसरा फेरी मोजायचा. प्रत्येक फेरीला 'आय' आपल्या हातातला खडूने लिहिलेला आकडा पुसून नवा लिहायचा. आम्ही मराठीचा तास सोडून ते नाटक बघत उभे राहिलो आहोत. आमच्या मते त्या दोन वर्षांतल्या मुलांना लूप जितका समजला तितका पुढच्यांना, जनरेटर आल्यावर, समजला नाही. दहाव्या वर्षी त्या बाई आल्या नाहीत. कोणत्याही अहवालात त्यांचे नाव नाही आणि आम्हीही ते इथे लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेले नाही.

पाठांतराच्या त्या यादीतील एका प्रोग्रामविषयी मात्र आम्हाला मराठीचे शिक्षक म्हणून बोललेच पाहिजे. फिबोनाची श्रेणी : १, २, ३, ५, ८, १३, २१, प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. फिबोनाची हा तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा इटालियन गणिती. पण ही श्रेणी त्याच्या आधी भारतात माहीत होती आणि ती गणितज्ञांना नव्हे, छंदःशास्त्रज्ञांना. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांचा चरणखंड किती प्रकारे भरता येईल? गुरू-गुरू, गुरू-लघू-लघू, लघू-गुरू-लघू, लघू-लघू-गुरू, आणि चारही लघू : पाच. पाच मात्रांचा आठ प्रकारे, सहांचा तेरा प्रकारे. विरहांक आणि बाराव्या शतकातील हेमचंद्र यांनी हे मांडलेले आहे, आणि संगणकशास्त्राचे आद्य ग्रंथकार डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ग्रंथात या भारतीयांची नोंद घेतली आहे. आमच्या महाविद्यालयात एका खोलीत 'मात्रावृत्ते' चालत आणि शेजारच्या खोलीत 'फिबोनाची'. दोन्हीकडे मुले पाठ करत होती. दोन खोल्यांत एकच गोष्ट शिकवली जात आहे, हे त्या दोघांपैकी कोणत्याही शिक्षकाला माहीत नव्हते. त्यांपैकी एक शिक्षक आम्हीच होतो.

याचा अर्थ 'सारे आपल्याकडे आधीच होते' असा कोणी काढू नये. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने म्हटले आहे, असे वाक्य आमच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात एखादे पाहुणे म्हणतातच. त्याचे मूळ १९८५ मधल्या रिक ब्रिग्ज यांच्या एका लेखात आहे. तो लेख ज्ञान यंत्रात कसे मांडावे याविषयी, संस्कृत व्याकरणकारांच्या वाक्यविश्लेषणाला धरून लिहिलेला आहे. संस्कृतात प्रोग्राम लिहावेत असे त्यात नाही आणि तो नासाचा ठरावही नव्हे. पाणिनीच्या नियमपद्धतीचे संगणकाच्या भाषा वर्णन करण्याच्या रीतीशी साम्य आहे, हे १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी नोंदवलेले आहेच. तेवढे पुरेसे आहे. आमचा मुद्दा गौरवाचा नाही, घरगुती आहे : जी गोष्ट मुलाने एका वहीत पाठ केली आहे तिच्यावरून दुसऱ्या वहीतली गोष्ट समजावता आली असती.

गेल्या दशकात चित्र पुष्कळ बदलले. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरिअल' प्रकल्पाने सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध केले. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकीला वाट दिली. टाळेबंदीत मुलांनी वाडी-तांड्यावरून, झाडावर चढून नेटवर्क मिळवत, मोबाइलवर प्रोग्राम लिहिले. आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे संवादक आले. मुलगा मराठीत, अगदी 'येऊलालंय'च्या मराठीत, प्रश्न टाकतो आणि तयार प्रोग्राम मिळतो. प्रात्यक्षिकाची ठरलेली यादी एका क्षणात निरर्थक झाली. परीक्षा अजून तीच आहे, ही गोष्ट अलाहिदा.

सी जाऊन पायथन आली तसे आम्हा दोघांना धीर आला. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका विद्यार्थ्याने, ज्याने अकरावीत मराठी सोडली होती, आम्हाला दाखवले की पायथनमध्ये डब्याच्या चिठ्ठीवर देवनागरीत नाव लिहिता येते. त्याने 'शिल्लक' लिहिले, 'बेरीज' लिहिले. चालले. मग त्याने 'विद्यार्थी' या शब्दाची लांबी विचारली. आम्ही म्हटले तीन. यंत्र म्हणाले दहा. काना, वेलांटी, हलन्त, सारे ते सुटे मोजते : व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. 'लातूर' पाच, 'नांदेड' सहा. आम्हाला तीन-तीन अक्षरी वाटणारी ही गावे यंत्राला सारखी दिसत नव्हती. अक्षर म्हणजे काय, या प्रश्नावर आम्ही तिघे संध्याकाळपर्यंत बसलो. एम.ए.च्या वर्गातही इतका वेळ कधी बसलो नव्हतो.

तेथून लघू-गुरू ओळखणाऱ्या प्रोग्रामची कल्पना निघाली. नियम आम्ही सांगायचे, लिहायचे त्याने. ऱ्हस्व लघू, दीर्घ गुरू, अनुस्वार असल्यास गुरू, जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व गुरू. पहिल्या आठवड्यात 'लातूर' आणि 'नांदेड' दोन्ही गुरू-गुरू-लघू, म्हणजे त गण, असे उत्तर आले तेव्हा झालेला आनंद लपवण्याचे कारण नाही. मग 'उन्हाळा' आला. यंत्राने 'उ' गुरू ठरवला. कान सांगतो लघू, कारण तिथे आघात येत नाही. आम्ही न्ह, म्ह, ल्ह, ऱ्ह असे अपवाद सांगितले, त्याने चार ओळी वाढवल्या. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांवर आम्हाला वाटले आता तो अडकणार, पण ऱ आणि र ही यंत्राच्या लेखी निराळी अक्षरे, ते सुटले. अडला तो 'पुण्याला' या शब्दापाशी. पुण्य या शब्दाचे 'पुण्याला' म्हणताना पु वर आघात येतो, तो गुरू. पुणे या गावाचे 'पुण्याला' म्हणताना येत नाही, तो लघू. लिहिताना दोन्ही एकच, अक्षर न् अक्षर एकच.

"मग हे त्याला सांगायचं कसं, सर?" त्याने विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुढचे-मागचे वाक्य बघावे लागेल, असे काहीतरी म्हणालो. जूनमध्ये त्याला नोकरी लागली आणि तो रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला. प्रोग्राम आमच्याकडे आहे. पायथनमध्ये ज्या ओळीच्या आरंभी एक विशिष्ट खूण असते ती ओळ यंत्र वाचत नाही; ती माणसांसाठी असते. 'पुण्याला'च्या नियमाची जागा त्याने रिकामी ठेवली आहे आणि तिथे तशी एक ओळ लिहिली आहे : 'हे सरांना विचारणे'.